लॅपटॉप सुरूच होत नाही? घाबरू नका, क्रमाने बघा



आज शेळीपालन नाही, शिलाईकाम नाही, कर्जाच्या हप्त्याचा विषयही नाही. आज बोलायचं आहे ते आपल्या ग्रामसंघाच्या कपाटातल्या जुन्या लॅपटॉपबद्दल. कुठे तो देणगीत मिळालेला असतो, कुठे निधीतून जुनाच विकत घेतलेला. एखादं बटण निघालेलं असतं, कव्हर आपणच शिवलेलं असतं. पण सगळ्या गटांचा हिशेब त्याच्या पोटात असतो. तो एखाद्या सकाळी सुरूच झाला नाही तर काय करायचं?

आमच्यावर ही वेळ आली होती. म्हणून आधी ती हकिगत सांगतो.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या ग्रामसंघातल्या एका गटाची बँकेची फाइल शुक्रवारपर्यंत द्यायची होती. सोमवारी सकाळी आम्ही लॅपटॉपचं बटण दाबलं. छोटा दिवा लागला, आतला पंखा फिरल्याचा आवाज आला, एक-दोनदा टीं-टीं झालं, पण स्क्रीन काळी ती काळीच. दहा वेळा बटण दाबलं. एका काकूंनी जुन्या टीव्हीला मारतात तशी दोन चापट्याही मारून बघितल्या. काही नाही.

दुपारच्या गाडीने तालुक्याला नेला. दुकानातल्या दादांनी पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "बोर्ड गेलाय. दुरुस्तीत पैसे घालण्यापेक्षा नवा घ्या. आतलं काही निघणार नाही." आमच्या पोटात गोळाच आला.

आम्ही गावात पोचायच्या आधी बातमी पोचली होती. बातमी कशी बदलते बघा. निघताना होती, "लॅपटॉप बिघडला." संध्याकाळी झाली, "हिशेब उडाला." रात्री एका बाईने गटाच्या कोषाध्यक्ष ताईंना दारात उभं राहून विचारलं, "मग आमचे पैसे गेले का?" ताई काही बोलल्या नाहीत. पै-पै मोजून घेणारी बाई ती. दुसऱ्या दिवशी आम्हाला म्हणाल्या, "चार वर्षं हिशेब ठेवला, आणि एका रात्रीत चोर ठरले."

पैसे कुठेच गेले नव्हते. काही बँकेच्या खात्यात होते, काही अंतर्गत कर्ज म्हणून बायकांकडे होते. पण कुणाकडे किती बाकी, कुणी किती फेडले, हे सांगणारा कागद आमच्याजवळ नव्हता. चूक आमचीच होती. लॅपटॉप आल्यावर आम्ही म्हटलं, एकच हिशेब दोनदा कशाला लिहायचा? आणि तीन महिने वहीची पानं कोरी राहिली. पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र, नियमित हिशेब लिहिणं, आम्ही दर बैठकीत तोंडाने म्हणत होतो आणि हाताने विसरत होतो.

मोटारीला लावता तोच हिशेब लावा

गटातल्या एका मावशींची मुलगी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचं शिकते. ती बुधवारी घरी आली होती. तिने लॅपटॉपला हात लावायच्या आधी आम्हालाच विचारलं, "विहिरीवरची मोटार चालू झाली नाही, तर तुम्ही काय करता?"

आम्ही सांगितलं, आधी लाइट आहे का बघतो. मग फ्यूज बघतो. मग स्टार्टर. मग वायर कुठे तुटली का बघतो. सगळ्यात शेवटी मोटार वर काढतो.

ती म्हणाली, "मग लॅपटॉपच्या वेळी थेट मोटार वर काढायलाच का निघालात?"

मैत्रिणींनो, आजच्या बोलण्याचा गाभा हाच आहे. बाहेरून आत जायचं, सोप्याकडून अवघडाकडे जायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. वही-पेन जवळ असेल तर लिहून घ्या.

आधी वीज, मग चार्जर

पहिलं काम, बोर्ड तपासा. ज्या सॉकेटला चार्जर लावता, त्याच सॉकेटला मोबाइल लावून बघा. मोबाइल चार्ज होत नसेल तर दोष लॅपटॉपचा नाहीच.

दुसरं, चार्जर. लॅपटॉपच्या चार्जरला मधे एक काळा डबा असतो. भिंतीकडची वायर त्या डब्यात घुसवलेली असते. ती तिथेच बऱ्याचदा सैल होते. काढून घट्ट बसवा. वायर पिनेजवळ दुमडून तुटली आहे का, उंदराने कुरतडली आहे का, बघा. डब्यावर दिवा असेल तर तो लागतो का बघा. आणि एक खूण नीट लक्षात ठेवा. भिंतीला लावल्यावर दिवा लागतो, पण पिन लॅपटॉपमध्ये घातली की विझतो, असं झालं तर पुन्हा पुन्हा लावू नका. चार्जर किंवा लॅपटॉपमध्ये कुठेतरी शॉर्ट असण्याची शक्यता आहे. ते काम जाणकाराचं.

दुसऱ्याचा चार्जर लावून बघायचा असेल तर आधी डब्यावरची बारीक अक्षरं वाचा. 'आउटपुट' असं लिहिलेलं असतं आणि पुढे आकडे असतात, जसं 19 व्होल्ट, 3.42 अँपिअर. व्होल्टचा आकडा आपल्या चार्जरइतकाच हवा. अँपिअर तितकाच किंवा जास्त चालतो, कमी नको. पिन बसली म्हणजे चार्जर चालला असं नसतं.

आणि तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या बोर्डात बसत नाही, म्हणून जाड पिन तोडू नका. ती अर्थिंगची असते. लॅपटॉपला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होतं ना, ते बहुतेक वेळा अर्थिंग नसल्यामुळेच.

साठलेली वीज सोडून द्या

तिसरं काम अगदी सोपं आहे, आणि बरेच लॅपटॉप एवढ्यावरच उठून बसतात. चार्जर काढा. पेनड्राइव्ह, माउस, प्रिंटरची वायर, जे जे जोडलं असेल ते सगळं काढा. जुन्या लॅपटॉपची बॅटरी खालच्या बाजूने, खटका सरकवून निघते. तीही काढा. आता सुरू करायचं बटण दाबा आणि सावकाश तीस आकडे मोजेपर्यंत दाबूनच ठेवा. आतली साठलेली वीज निघून जाते. मग बॅटरी न लावता फक्त चार्जर लावा आणि सुरू करून बघा.

सुरू झाला तर दोष बॅटरीचा असू शकतो. खराब बॅटरी कधी कधी अख्खा लॅपटॉप अडवून धरते. अशा वेळी बॅटरी बाजूला ठेवून नुसत्या चार्जरवरही काम होतं. फक्त लाइट गेली की तोही जागीच बंद पडेल, म्हणून काम करता करता जतन करत राहा.

बॅटरी आतच बसवलेली असेल तर ती उघडत बसू नका. चार्जर काढून बटण तीस आकडे दाबा, तेवढं पुरे.

बॅटरी फुगली असेल, खालचं झाकण वर आलं असेल, तर मात्र तिथेच थांबा. चार्जिंगला लावू नका, दाबू नका, टोचू नका. मुलांपासून आणि चुलीपासून लांब ठेवा. उकिरड्यावर तर मुळीच टाकू नका, पेट घेऊ शकते. दुरुस्तीच्या दुकानात नाहीतर ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.

लॅपटॉप काय सांगतोय ते ऐका

एवढं करूनही सुरू झाला नाही, तर तो कुठे अडतोय ते बघायचं. कुकरच्या शिट्टीवरून आत काय चाललंय ते आपल्याला कळतं ना? तसंच इथेही कळतं.

काहीच होत नाही, दिवा नाही, आवाज नाही. मग वीज आतपर्यंत पोचत नाही. चार्जर, चार्जरची पिन जाते ते भोक, सुरू करायचं बटण, नाहीतर बोर्ड.

दिवा लागतो, पंखा फिरतो, स्क्रीन काळी. मोबाइलचा टॉर्च लावून स्क्रीनवर तिरपा उजेड टाका. पुसट चित्र दिसलं तर लॅपटॉप चालू आहे, फक्त स्क्रीनमागचा उजेड गेला आहे. शाळेतला मॉनिटर किंवा घरचा टीव्ही वायरने जोडून बघा. तिथे चित्र आलं तर हिशेब सुखरूप आहे, दुखणं फक्त स्क्रीनचं आहे.

टीं-टीं असा आवाज येतो किंवा बटणांजवळचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो. किती वेळा होतं ते मोजून लिहून ठेवा. प्रत्येक कंपनीची ही खूण वेगळी असते, पण ती दुरुस्ती करणाऱ्याला फार उपयोगी पडते. पुष्कळदा ती रॅमकडे बोट दाखवते.

सुरू होतो आणि थोड्या वेळात बंद पडतो. खालून गरम लागतो का बघा. गोधडीवर, गादीवर ठेवून काम केलं की हवेची भोकं बंद होतात. पंख्यात धूळ साठलेली असते. लॅपटॉप पाटावर ठेवा.

कंपनीचं चिन्ह येतं आणि पुढे 'नो बूटेबल डिव्हाइस' असं इंग्रजीत येतं. आधी पेनड्राइव्ह लावलेला राहिला नाही ना ते बघा. लॅपटॉप त्याच्यातच विंडोज शोधत बसतो आणि सापडत नाही. तो काढूनही तेच आलं, तर हार्ड डिस्क सैल झाली असेल किंवा खराब होत असेल. आतून टक्-टक् असा आवाज येत असेल तर ताबडतोब बंद करा. पुन्हा पुन्हा सुरू करून बघितलं की उरलेलाही हिशेब हातचा जातो.

विंडोजचं चिन्ह येतं, गोल फिरत राहतं आणि पुढे सरकत नाही. हे यंत्राचं नाही, आतल्या प्रोग्रॅमचं दुखणं असू शकतं. तीन-चार वेळा असं झालं की बहुतेक वेळा विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखवतं. त्यातलं 'स्टार्टअप रिपेअर' करून बघायला हरकत नाही. पण 'रीसेट' किंवा 'फॉरमॅट' हे शब्द दिसले की हात मागे घ्या. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणं. हिशेबाची नक्कल दुसरीकडे घेतल्याशिवाय ते कुणालाही करू देऊ नका.

आमच्या लॅपटॉपचं काय निघालं

आमच्या लॅपटॉपचा दिवा लागत होता, पंखा फिरत होता, टीं-टीं होत होतं, स्क्रीन काळी होती. टॉर्च लावून बघितलं, चित्र पुसटसुद्धा नव्हतं. मुलगी म्हणाली, रॅम बघूया.

रॅम म्हणजे काय? आपला ओटा समजा. स्वयंपाक करताना लागेल तेवढं सामान आपण ओट्यावर मांडतो, काम झालं की ओटा रिकामा. हार्ड डिस्क म्हणजे धान्याची कणगी. ओटा मोडला म्हणून कणगीतले दाणे जात नाहीत. रॅम बिघडली म्हणून जतन केलेला हिशेब जात नाही. हे ऐकलं आणि कोषाध्यक्ष ताई दोन दिवसांत पहिल्यांदा नीट बसल्या.

तिने चार्जर आणि बॅटरी काढली. हात कोरडे केले. अंगावरची स्थिर वीज जावी म्हणून खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावला. मागचं छोटं झाकण पेचकसने उघडलं. आत बोटभर लांबीची हिरवी पट्टी होती. दोन्ही बाजूंचे चिमटे हलकेच बाहेर दाबले की ती वर येते. तिच्या सोनेरी कडेवर मळ धरला होता. पावसाळ्याची ओल आणि कपाटातली धूळ. मुलांच्या दप्तरातला स्वच्छ खोडरबर घेऊन तिने ती कड दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने पुसली, भुकटी झटकली, पट्टी तिरपी घालून चिमटे खट् करून बसेपर्यंत दाबली.

बटण दाबलं. कंपनीचं चिन्ह आलं. एका आजींनी हातच जोडले.

पण गंमत पुढे होती. लॅपटॉप सुरू झाला तो 2009 साल दाखवत. इंटरनेट लावलं तर बँकेचं पान उघडेना. बोर्डावर बटणाएवढा एक सेल असतो, 3 व्होल्टचा, बहुतेक ठिकाणी सीआर 2032 नावाचा. लॅपटॉप बंद असतानाही तारीख-वेळ तो सांभाळतो. तो संपला की लॅपटॉप काळ विसरतो, आणि तारीख चुकीची असली की बँकेच्या पानाला सुरक्षिततेची शंका येते. हाताने तारीख बरोबर केली, पान उघडलं. सेल नंतर बदलून घेतला.

तारीख लावल्यावर आम्ही पहिलं काय केलं असेल? फाइल पूर्ण केली? नाही. आधी सगळा हिशेब पेनड्राइव्हवर घेतला. मग त्याची छापील प्रत काढली. मग फाइल. दुखणेकरी लॅपटॉप आज उठला म्हणजे उद्या उठेलच असं नाही.

फाइल शुक्रवारी दुपारी बँकेत गेली. त्याच संध्याकाळी बैठकीत कोषाध्यक्ष ताईंनी एकेकीची बाकी वाचून दाखवली. ज्या बाईने दारात येऊन विचारलं होतं, तिने आपला आकडा ऐकला आणि मान खाली घालून म्हणाली, "बरोबर आहे ताई." ताईंनी पुढचं नाव वाचलं.

दुकानात द्यायचाच असेल तर

प्रत्येक लॅपटॉप खोडरबराने सुरू होत नाही. बोर्ड खरंच जळतो, हार्ड डिस्क खरंच जाते. मग दुकानात जावंच लागतं. त्या दुकानदार दादांनाही आम्ही सगळा दोष देत नाही. आम्ही त्यांना काय सांगितलं? "चालू होत नाही." एवढंच. डॉक्टरांना आपण नुसतं "बरं नाही" म्हणून सांगतो का? ताप आहे, कधीपासून आहे, कुठे दुखतं, ते सांगतो. तसंच सांगा. दिवा लागतो, पंखा फिरतो, तीन वेळा टीं होतं, चार्जर तपासलाय, बॅटरी काढून बघितलीय. समोरचा माणूस नीट ऐकायला लागतो.

आणि विचारा, "हार्ड डिस्क ठीक आहे का?" ती काढून छोट्या केसमध्ये घालता येते आणि पेनड्राइव्हसारखी दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडता येते. लॅपटॉप मेला तरी हार्ड डिस्क बहुतेक वेळा जिवंत असते. त्यामुळे "आतलं काही निघणार नाही" हे ती जोडून बघितल्याशिवाय मान्य करू नका.

आणखी एक. आपल्या लॅपटॉपमध्ये बायकांच्या आधार कार्डांच्या, पासबुकांच्या प्रती असतात. दुरुस्ती स्क्रीनची किंवा चार्जिंगची असेल, तर हार्ड डिस्क काढून घेऊन लॅपटॉप द्या. कागदावर चिकटवलेला पासवर्ड काढून टाका. काय दुरुस्त करणार, किती खर्च येणार, ते लिहिलेली पावती घ्या. बदललेला जुना भाग परत मागा. फसवणूक झाली असं वाटलं तर ग्राहकांसाठी 1915 हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे.

आता आमची पद्धत

त्या आठवड्यानंतर आम्ही चार नियम केले. बैठकीत हिशेब आधी वहीत, सह्या झाल्यावर मग लॅपटॉपमध्ये. दर महिन्याच्या शेवटी पेनड्राइव्हवर नक्कल, आणि तो पेनड्राइव्ह लॅपटॉपच्या कपाटात नाही, सचिव ताईंच्या घरी. दर तीन महिन्यांनी छापील प्रत फाइलला. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी लॅपटॉप सुरू करून अर्धा तास चालू ठेवायचा.

आणि एक न लिहिलेला नियम. लॅपटॉप उघडणं, जोडणं, सुरू करणं आता एकट्या समन्वयकाचं काम नाही. प्रत्येक गटातल्या दोघींनी ते करून बघायचं. गेल्या महिन्यात स्क्रीन पुन्हा काळी झाली, तेव्हा आम्ही बाहेरगावी होतो. फोन आला, "ताई, काही विचारायला नाही केला. चार्जरची वायर डब्यातून सुटली होती, बसवली. नुसतं सांगायला केला."

फोन कोषाध्यक्ष ताईंचा होता.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात एक काम करा. तुमचा लॅपटॉप चांगला चालू असेल, तर आजच त्यातल्या हिशेबाची नक्कल घ्या. आणि वहीची पानं कोरी राहिली असतील, तर पुढच्या बैठकीआधी ती भरून काढा.